चार मिनिटांच्या गाण्याचं पान

"नाही म्हणजे नाही," असं कामिनीने फोनवर ठणकावून लिहिलं, फोन खिशात टाकला आणि हातमोजे पुन्हा चढवले. समोरच्या टाक्यात केळीच्या फण्या तरंगत होत्या. ट्रक दारात उभा होता, आणि ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून दर थोड्या वेळाने हॉर्न वाजवायला म्हणून येऊन जात होता.

"कोनाशी भांडू राहिली व?" शेजारी फण्या पुसणाऱ्या पुष्पाबाईंनी विचारलं.

"एका मास्तराशी. ब्राझीलचा हाये."

"लगनाचं हाये का काही?"

"नही व मावशी. कार्टूनचं हाये."

पुष्पाबाईंनी सुस्कारा सोडला. लग्नाचं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

रावेरच्या या पॅकहाउसवर कामिनी भारंबे सुपरवायझर होती. कोणती फणी आखाताच्या पेटीत जायची आणि कोणती भुसावळच्या बाजारात, हे तिच्या एका नजरेवर ठरे, आणि तिच्या निकालावर मालकही बोलत नसे. घरी आणि कामावर तिचा हा एवढाच अवतार सगळ्यांना ठाऊक होता. दुसरा अवतार कुणाला फारसा कळत नसे. जपानी ॲनिमेचा एक मोठा डेटाबेस होता, जगभरच्या हौशी लोकांनी फुकट राबून उभा केलेला. कोणती मालिका कधी आली, कुणी काढली, रंग कुणी भरले, सगळं त्यात. त्या डेटाबेसचे नियम सांभाळणारी तीन माणसं होती: ब्राझीलचा एक शाळामास्तर, पोलंडची एक नर्स आणि रावेरची कामिनी.

हे वेड तिला लागलं ते सुरतेत, सासरी. नवरा घरी असून नसल्यासारखा. बंद फ्लॅटमध्ये बोलायला भिंती. तेव्हा लहानपणी टीव्हीवर हिंदीत पाहिलेली जपानी कार्टूनं तिने पुन्हा शोधून काढली, आणि बघता बघता त्यांची माहिती भरू लागली. लग्न मोडलं, हे टिकलं. चार वर्षांपूर्वी ती माहेरी परतली, तेव्हा एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत जुना लॅपटॉप.

सध्याचा वाद गाण्यांचा होता. जपानात गायकाचं नवं गाणं निघालं की त्याच्यासाठी कधी कधी तीन-चार मिनिटांची चित्रफीत काढतात, हाताने काढलेली, अगदी मालिकेसारखी. तर ही गाण्याची चित्रफीत ॲनिमे धरायची की नाही? मास्तर म्हणे, सगळ्या घ्या. नर्स म्हणे, एकही नको. कामिनीचं मत निर्णायक होतं आणि ते कधीचं ठरलेलं होतं. गाणं खपवायला केलेली ती जाहिरात. आज गाणं घेतलं की उद्या साबण येईल, परवा बिस्किटं येतील. दार एकदा उघडलं की कुणाकुणाला अडवणार?

"अर्ध्या मालिका खेळणी खपवायलाच काढल्या होत्या, त्या कशा चालतात?" मास्तराने विचारलं होतं. प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच कामिनीने उत्तराऐवजी "नाही म्हणजे नाही" लिहिलं होतं.

दुपारी डबा खाताना तिने पुन्हा फोन उघडला. वादाच्या तळाशी एका अनोळखी बाईचा मजकूर येऊन पडला होता. नाव नात्सुए.

"माझी आई हिसाए एका स्टुडिओत तीस वर्षं चित्रं काढत होती," तिने लिहिलं होतं. "पात्र हात उचलतं, तेव्हा खाली असलेला हात आणि वर गेलेला हात मोठा चित्रकार काढतो. मधले सगळे हात माझ्या आईचे. त्या काळी अशा माणसांची नावं पडद्यावर देत नसत. एकदाच दिलं, एका गाण्याच्या चित्रफितीत. तुमच्याकडे तिचं जे पान आहे, ते त्या चार मिनिटांवर उभं आहे. गाणी काढलीत तर तिचं पानही जाईल ना?"

जाणार होतं. ज्याच्या नावावर मुख्य यादीत एकही काम नाही, त्याचं पान आपोआप गळे. नियम कामिनीनेच लिहिला होता.

डब्यातलं भरीत तिने तसंच ठेवलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून डागी फणी आखाताच्या पेटीत घालता येते का? मग तिने तोड काढली, आणि काढल्यावर स्वतःवरच खूश झाली. एक 'अवांतर' कप्पा करायचा. गाणी त्यात ठेवायची, माणसांची पानंही त्यातच. पुसायचं काही नाही, फक्त शोधलं तर सापडणार नाही आणि मोजणीत धरलं जाणार नाही. ज्याला दुवा ठाऊक असेल, त्याने उघडून पाहावं. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही. मास्तर हो म्हणाला, नर्स हो म्हणाली. रविवारी रात्री कामिनीने निकाल लिहून टाकायचा, असं ठरलं. नात्सुएने तेवढं काही लिहिलं नाही.

घरी आली तर अंगणात भाऊबंद जमले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कानबाई देवी बसणार होती, आणि रोटाचं धान्य काढायचं चाललं होतं. खानदेशात श्रावणातल्या या रविवारी कानबाईसाठी जे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात, त्यांचं धान्य असं तसं मापत नाहीत. कुळातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ सुपात टाकायची. घरातल्या बाया आणि लग्नाआधीच्या पोरी त्यातच खातात. लग्न होऊन गेलेली लेक मात्र नाही. ती दुसऱ्या कुळाची. आणि हे रोट कुळाबाहेरच्या कुणाच्या तोंडी जात नाहीत.

कामिनीची अडचण इथेच होती. सासरचं कुळ कोर्टात सुटलं आणि माहेरचं लग्नात. चार वर्षं ती रोट लाटत होती, भाजत होती, आणि जेवायला वेगळी भाकरी घेत होती. तिला त्याचं दुःख होतं असं कुणी म्हटलं असतं, तर तिने उडवून लावलं असतं. नियम तो नियम.

यंदा कानबाई त्यांच्याच घरी होती, म्हणून तिचे वडील चुडामणभाऊ सूप घेऊन बसले होते. खाटेवर त्यांचे थोरले बंधू रतिलालआबा लक्ष ठेवून होते.

"रतिलाल," चुडामणभाऊंनी मूठ टाकली. "हेमराज." हा आबांचा मुलगा. "हितेंद्र." हा कामिनीचा भाऊ, पुण्याला असलेला. कानबाईला तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, पण त्याची मूठ कधी चुकली नाही. शेवटी स्वतःचं नाव घेतलं आणि नावं संपली. चुडामणभाऊ मोठ्याने खोकले, पदराआड दिवा लपवावा तशी आणखी एक मूठ सुपात सोडली आणि घाईघाईने उठले.

आबांना दिसलं नाही. कामिनीला दिसलं. त्या दिवशी वडिलांचा चहा तिने दोनदा केला.

रविवारी कानबाई बसली. नथ घातली, फुलं चढली, बायांची गाणी झाली. पुरुषांची पंगत ओसरीवर बसली. पानात रोट, गंगाफळाची भाजी, खीर. कामिनी वाढत होती. शेवटची खीर वाढून ती आत आली, तसं तिच्या आईने, शेवंताबाईंनी, तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघराच्या दारामागे ओढलं. परातीखाली झाकलेला एक रोट त्यांनी बाहेर काढला.

"खाय पटकन. तुह्या बापानं तुह्यासाठी मूठ टाकली व्हती."

"मले माहीत हाये."

"मंग खाय ना. दाराआड उभी राहून खाय, कोनी पाहत नही."

रोट अजून ऊन होता. चार वर्षांनी तो खायला म्हणून हातात आला होता. तिने तुकडा मोडलाही. मग दाराच्या फटीतून तिला ओसरी दिसली, पंगत दिसली, हितेंद्रच्या नावाने भरून ठेवलेलं रिकाम्या पाटापुढचं पान दिसलं. आणि एकाएकी स्वतःच्याच हुशारीची तिला अशी लाज वाटली की कान तापले. पुसायचं काही नाही, फक्त शोधलं तर सापडणार नाही. दाराआड उभं राहून खा, कुणी पाहत नाही. जपानातल्या त्या म्हातारीला तिने काल हेच तर वाढलं होतं.

"चोरून नको, मा," ती म्हणाली. आवाज ठेवायचा होता त्याहून मोठा निघाला. "नाव घेऊन मूठ टाका, मंग खाईन."

ओसरीवर हात थांबले. चुडामणभाऊंनी मान खाली घातली आणि मग, जन्मात पहिल्यांदा, थोरल्या भावासमोर वर केली.

"दादा, एक मूठ मी जास्त टाकली व्हती. कामिनीच्या नावानं."

"नाव घेतलं व्हतं?" आबांनी विचारलं.

"नही."

"नाव नही, तं मूठ नही. ते धान्य झालं नुसतं."

हेमराज काहीतरी बोलायला गेला, पण त्याआधी कामिनीच दारातून बाहेर आली.

"आबा खरं बोलतात," ती म्हणाली. सगळे चकित झाले, आबा सगळ्यांत जास्त. "बिननावाची मूठ मले नकोच. पुढच्या साली सगळ्यायसमोर नाव घ्यान का, एवढं सांगा."

"पाहू."

"पाहू नही, आबा. हो का नही?"

फण्यांपुढे उभी राहायची तशीच ती उभी होती. आबांनी आयुष्यभर गावकीचे निवाडे केले होते, पण त्यांना असं कुणी खिंडीत गाठलं नव्हतं. त्यांनी खिरीचा घोट घेतला, मिशी पुसली.

"रीत मोडली म्हनतीन लोक."

"रीत मूठ टाकायची हाये. लेकीच्या नावानं टाकू नका, असं कोन्ही म्हनत नही."

"भलतीच हाये पोरगी," आबा चुडामणभाऊंना म्हणाले, जणू तक्रार. मग त्यांनी रोटाचा तुकडा मोडला. "घेजो नाव. मी बसेल राहीन खाटेवर."

कामिनीने त्या दिवशीही भाकरीच खाल्ली. पण ओसरीवर बसून, सगळ्यांदेखत, आणि हेमराजने तिच्या पानात स्वतः होऊन गंगाफळाची भाजी वाढली.

रात्री लॅपटॉप उघडून तिने निकाल लिहिला. अवांतर कप्पा रद्द. आधीच्या मालिकांचे तुकडे कापून गाण्यावर चिकटवलेले असतील, तर ते घ्यायचे नाहीत. पण त्या गाण्यासाठी माणसांनी बसून नवी चित्रं काढली असतील, तर ते काम आहे, मग ते चार मिनिटांचं असो की चार वर्षांचं. ते मुख्य यादीत जाईल, काढणाऱ्या प्रत्येकाच्या नावासकट. आधीचं माझं मत चुकीचं होतं, असंही तिने खाली लिहिलं, आणि ते लिहिताना तिला मुळीच जड गेलं नाही. मास्तराने टाळ्या पाठवल्या. नर्स कुरकुरली आणि मग सही करून मोकळी झाली.

सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत नदीवर पोचवून कामिनी घरी आली. अंग चिंब होतं, पायात चिखल. आंघोळ करून, केस पुसत तिने फोन पाहिला. हिसाएच्या पानावर एक दुरुस्ती तिच्या मंजुरीसाठी येऊन थांबली होती. नात्सुएने पाठवलेली. चित्रफितीचं नाव नव्हे, फोटो नव्हे. मृत्यूची तारीख होती, आणि ती गेल्या आठवड्यातली होती.

खाली एक ओळ होती: "पान राहील की जाईल ते कळत नव्हतं, म्हणून थांबले होते."

कामिनीने दोनदा वाचलं. शनिवारी आपण "नाही म्हणजे नाही" लिहिलं, तेव्हा त्या घरात सुतक होतं. तिला रडू आलं, आणि ते तिने अडवलं नाही. मग तिने तारीख नीट तपासली, मंजूर केली, आणि हिसाएचं पान पुन्हा उघडून पाहिलं. नाव, जन्म, मृत्यू, एक काम.

ती उठली आणि मोरीत जाऊन ओल्याच केसांवर गार पाण्याचा तांब्या ओतू लागली.

"आत्ताच तं न्हाली व्हती ना व?" शेवंताबाई दारात आल्या. लेकीचे डोळे पाहून त्यांचा आवाज उतरला. "कोन गेलं?"

"एक बाई व्हती, मा. लांबची."

"आपल्यातली?"

"हो."

चुलीवरचं ऊन पाणी शेवंताबाईंनी बादलीत आणून ओतलं, हाताने ढवळून पाहिलं, आणि कोरडं लुगडं आणायला आत गेल्या.