एक हात म्हणजे अर्धं बोट

“इस्तारी, निघ बे बाहेर! इंजिन लागून राह्यलं!”

सांधेवाल्या झिंगूची आरोळी ऐकून मालगाडीच्या डब्याखालून आधी सुतळीचं एक टोक, मग ग्रीसनं माखलेले दोन हात आणि शेवटी इस्तारी सुतार, असा सगळा ऐवज क्रमाक्रमानं बाहेर आला. सुतळीचं दुसरं टोक दातांत धरलेलं होतं, त्यामुळे त्याला लगेच बोलता येईना.

“काई हरपलं का?” झिंगूनं विचारलं.

“नाई जी. चाक किती उंच आहे थे पाहून राह्यलो होतो.” इस्तारीनं सुतळीला गाठ मारली. “अन् डबा भरला सोळा हात.”

“डब्यावर लिवलं आहे ना सारं.”

“थे सायबाच्या मापात आहे. मले हातात पायजे.”

झिंगूनं कपाळाला हात लावला आणि हिरवी झेंडी काढली. पन्नाशीचा माणूस दिवसाढवळ्या गाडीखाली शिरून चाकं मोजतो, याला काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही.

चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेचं हे स्टेशन. त्याला लागून जंगल खात्याचा लाकूड डेपो. जंगलातून सागाचे ओंडके बैलबंड्यांवर यायचे, डेपोत उतरायचे आणि इथून डब्यांत चढून नागपूरची वाट धरायचे. या डेपोवर इस्तारी पंचवीस वर्षं सुतार होता. बंड्यांची चाकं, जू, आस, सगळी दुरुस्ती त्याच्याकडे. डोळे मिटून नुसत्या करकरण्यावरून तो कोणाची बंडी आली ते सांगायचा. त्यात मोठंसं काही नव्हतं, कारण निम्म्या बंड्यांची करकर त्याच्याच हातची होती.

चाकं मोजण्याचं वेड त्याला लागलं ते रेंजर पाध्येसाहेबांमुळे. पंचावन्न सालच्या त्या हिवाळ्यात नागपुरात सरकारी प्रदर्शन भरणार होतं आणि साहेबांना तिथे आपल्या डेपोचा देखावा पाठवायचा होता. तान्ह्या पोळ्याला इस्तारी गावातल्या पोरांसाठी लाकडी बैल करायचा, ते साहेबांनी पाहिले होते. त्यांनी त्याला बंगल्यावर बोलावलं आणि टेबलावरचा कपडा उचलला. खाली चावीची आगगाडी होती. इंजिन, चार डबे आणि गोल रूळ. साहेबांनी चावी दिली आणि गाडी खडखडत फिरायला लागली.

इस्तारीनं काय करावं? तो सरळ गुडघ्यांवर बसला, गाल टेबलाच्या फळीला टेकवला आणि एक डोळा मिटून बघत राहिला.

“अरे, झोपलास की काय?”

“नाई सायेब. असं पाह्यलं का थे खरीच दिसते. तुमी बी पाहा ना.”

साहेबांनी दाराकडे बघून घेतलं. शिपाई नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनीही गाल टेकवला. दोघं तसेच चार फेऱ्या बघत राहिले.

मग साहेबांनी एक खोका उघडला. त्यात पत्र्याच्या गाड्या होत्या. लाल मोटार, निळी मोटार, खिडक्यांत माणसं रंगवलेली बस आणि दोन पिवळे ट्रक. “डेपोच्या फाटकापाशी पाच गाड्या मावतील. यातल्या तू निवड.”

इस्तारीनं गाड्या ओळीनं मांडल्या. उचलल्या, पुन्हा मांडल्या. कोणती कोणाशेजारी ठेवावी हेच त्याला कळेना. मोटार बसपेक्षा उंच होती आणि ट्रक तर डब्याच्या निम्म्याहून लहान.

“यायचं एकमेकाशी पटत नाई, सायेब. बसमंधला मानूस मोटारवाल्याच्या खिशात बसंन. अन् आपल्या डेपोवर मोटारी येतेत कुठी? बंड्या येतेत.”

“मग बंड्या कर तीन. पण हे दोन ट्रक राहू देत. प्रदर्शन आहे, प्रगती दिसली पाहिजे.”

तेव्हापासून इस्तारीच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. खेळण्यातला डबा आठ बोटं लांब. खरा डबा किती? तो आज कळला, सोळा हात. म्हणजे एक हात बरोबर अर्धं बोट. हे गणित जुळलं तेव्हा त्याला एवढा आनंद झाला, की घरी जाईपर्यंत तो वाटेतल्या प्रत्येक गोष्टीचं माप मनात काढत गेला. साडेतीन हातांचा माणूस पावणेदोन बोटांचा. विहिरीचं तोंड दोन बोटांचं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली गुणाबाई, म्हणजे त्याची बायको, दीड बोटाची. हे त्यानं तिला सांगितलं आणि जेवताना भाजी अर्धीच मिळाली.

दुसऱ्या दिवशी तो डेपोच्या फाटकावर सुतळी घेऊन उभा राहिला. पहिली बंडी मुखरूची आली. मुखरू बंडीवाल्यांतला जुना, बोलायला मोकळा. इस्तारीनं धुरेपासून मागच्या टोकापर्यंत सुतळी लावली, चाकाला गुंडाळली, बैलाची पाठसुद्धा मोजली.

“माप काऊन घेऊन राह्यला गा?”

“सायबानं सांगितलं.” इस्तारीच्या डोक्यात बोटं आणि हात चालू होते. त्यानं एवढंच उत्तर दिलं आणि तिथेच घोळ झाला.

कारण गेले दोन महिने डेपोवर एक बातमी उडत होती, की लाकूड आणायला ट्रक येणार आणि बंड्या कमी होणार. किती कमी, कोणाच्या कमी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आता साहेबाच्या हुकमानं माप घेतात म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ठरून गेलं. ज्याची बंडी मापली, ती कामावर राहणार.

सकाळी फाटकावर वीस बंड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. बैलांची शिंगं रंगवलेली, जणू पोळाच. इस्तारीच्या घरी कोणी पोहे आणून ठेवले, कोणी तळ्यातले मासे.

“आता तुमच्या सुतळीले देवापाशी ठेवू का?” गुणाबाईनं मासे साफ करता करता विचारलं.

“अवं, मी खेळना करून राह्यलो!”

“मंग सांगा ना लोकायले.”

त्यानं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. पण खात्याचा माणूस नाही म्हणतो म्हणजे आत काहीतरी आहे, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. शेवटी कटकट नको म्हणून त्यानं सगळ्या बंड्या मापल्या. मग बातमी अशी बदलली, की तीनच बंड्या साहेबांच्या खेळण्यात कोरल्या जाणार आणि त्या तीनच कामावर राहणार.

भागीरथाबाई मात्र काही घेऊन आली नाही. तिचा नवरा कोलू तीन वर्षांपूर्वी ओंडक्याखाली सापडून गेला, आणि तेराव्यानंतर आठ दिवसांनी ती स्वतः त्याची बंडी हाकत डेपोत शिरली होती. आधी बंडीवाले हसले, मग ती त्यांच्या आधी पोचायला लागली तेव्हा हसायचे थांबले. तिच्या डाव्या चाकातला एक आरा इस्तारीनं दिवाळीत बदलला होता. बाकीचे काळे, तो एकटा पिवळा.

ती कामाचा दिवस संपल्यावर आली आणि उभ्यानंच म्हणाली, “इस्तारी भाऊ, माह्या एक बैल म्हातारा झाला. आता वढत नाई. शेजारचा सोमाजी आपला गोऱ्हा द्याले तयार आहे, पन त्याले माही धानाची बांदी पायजे.”

ती बांदी म्हणजे तळ्याखालची भाताची एक पट्टी. दोन लेकरांच्या तोंडी वर्षाचा भात तिच्यातूनच जायचा.

“शनवारी सोमाजीले हाव म्हनाचं आहे. बंडी चालनार असंन तं बांदी गेली तरी पोट भरंन. म्हनून इचारतो. माही बंडी त्या तिनात आहे का? खरं सांग.”

“बाई, त्या तिनाचा अन् कामाचा काई संबंध नाई.”

“मंग कामाचं कोन सांगंन?”

इस्तारी तसाच उठून बंगल्यावर गेला.

पाध्येसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “पुढच्या हंगामापासून सगळी वाहतूक ट्रकनं. वरून हुकूम आला आहे. एकही बंडी राहणार नाही. पण हे आत्ता बोलायचं नाही, इस्तारी. अर्धं लाकूड अजून जंगलात पडलंय. बंडीवाले आज निघून गेले तर मी काय करू? तू एक शब्द बोलणार नाहीस.”

“हाव सायेब,” इस्तारी म्हणाला. पंचवीस वर्षांत त्यानं साहेब लोकांना दिलेला शब्द मोडला नव्हता. परत येताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याच्या एका सुतळीपायी एका बाईचं शेत चाललं होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

दोन दिवस तो मान खाली घालून कोरत बसला. हळदूच्या पिवळ्या लाकडाच्या तीन बंड्या, चार चार बोटांच्या. बैल दोन बोटांचे, हाकणारी माणसं पावणेदोन बोटांची. एका बंडीला डाव्या चाकात एक आरा न रंगवता पिवळाच ठेवला. मग त्यानं फळीवर रूळ, गाडी, फाटक सगळं मांडलं आणि खोक्यातले पत्र्याचे ट्रक फाटकापाशी उभे केले. बघतो तर ट्रक बंडीपेक्षाही आखूड. बंडीवर उचलून ठेवला तर सहज मावला असता.

“हे खोटं आहे,” इस्तारी एकटाच मोठ्यानं बोलला.

आणि मग ते त्याच्या ध्यानात आलं. साहेबांनी बोलायला मनाई केली होती. मापायला नव्हती.

गोंडपिपरीच्या रस्त्यावर एका टपरीपाशी कधीमधी ट्रक थांबायचे. इस्तारी गुरुवारी सकाळीच तिथे जाऊन बसला. दुपारी एक आला. पागोटेवाला ड्रायव्हर खाली उतरून चहा मागेपर्यंत इस्तारी मागच्या टोकाला पोचलाही होता.

“क्या नाप रहे हो, चाचा?”

“टरक.”

ड्रायव्हरला गंमत वाटली. त्यानं कप बाजूला ठेवून दुसरं टोक धरलं. सुतळी पुरेना. डब्यासाठी घेतलेली लांब सुतळी घरीच होती; बंड्यांना, बैलांना पुरलेली ही सुतळी ट्रकाच्या टोकाआधीच संपली. इस्तारीनं कमरेचा करगोटा सोडून तिला जोडला.

“इसमें माल कितना आता?” त्यानं विचारलं.

“दस बैलगाड़ी का तो आराम से. और शाम तक दूसरा फेरा.”

इस्तारी रात्री जेवला नाही. चौदा हातांचा ट्रक लाकडात सात बोटांचा झाला, तसे दोन कोरले.

शुक्रवारी साहेब कामानं चांद्याला गेले होते. इस्तारीनं देखाव्याची फळी डेपोच्या छपरीत आणून ठेवली आणि सगळ्या बंडीवाल्यांना पाहायला बोलावलं. भागीरथाबाई मागे उभी होती.

त्यानं चावी दिली. गाडी फिरली आणि एकच कल्ला झाला. “अरे, हे तं आपलं फाटक!” “माह्या बैलाचं मोडकं शिंग पाहा ना!” मुखरू आपल्या दोन बोटांच्या बैलाकडे असा बघत होता, की आता त्याला चारा घालतो की काय. सगळे गाल टेकवून, डोळा मिटून बघायला लागले. बराच वेळ लाकडाची माणसं आणि हाडामांसाची माणसं एकमेकांना ओळखत राहिली.

गाडी थांबली तेव्हा मुखरूनं फाटकाकडे बोट केलं. “अन् हे काय?”

“टरक.”

“एवढा?”

“सोळा हाताचा डबा आठ बोटं. तुह्यी आठ हाताची बंडी चार बोटं. टरक चौदा हात, सात बोटं. त्याच सुतळीनं मापला.”

“सायबाच्या खोक्यातले तं एवढूसे होते.”

“थे खेळन्यातले होते.”

एकेका ट्रकावर इस्तारीनं ओंडके रचले होते, तेही मापातले. भागीरथाबाई पुढे आली. तिनं पुढच्या ट्रकातल्या एकेक ओंडक्यावर बोट ठेवलं. वीस भरले. मग तिनं आपल्या बंडीवरचे पाहिले. दोन.

“आमच्या मापलेल्या बंड्या राह्यतीन असं सारे म्हनत होते ना, भाऊ?”

इस्तारीनं खिशातली सुतळी काढून दाखवली. “मले बोलाले मनाई आहे, बाई. मी फक्त मापलं.”

तिनं मान हलवली. “मंग बांदी नाई देत.”

मुखरू खाली बसला आणि विडी पेटवायची विसरून ती हातात फिरवत राहिला. बाकीचे एकेक करून उठले. हंगामाचं उरलेलं लाकूड टाकून कोणीही गेलं नाही, ठरलेलं काम ते पुरं करणार होते.

भागीरथाबाईनं जाण्याआधी पिवळ्या आऱ्याची बंडी दोन बोटांत उचलली. ती फाटकाकडे तोंड करून, ट्रकाच्या अगदी समोर उभी होती. तिनं ती रस्त्याच्या कडेला ठेवली, जंगलाकडे तोंड करून. वरचे दोन ओंडकेही काढून इस्तारीच्या हातात दिले.

“टरकाले वाट लागंन,” ती म्हणाली.

शनिवारी पाध्येसाहेब परतले. देखावा पाहून खूश झाले. लाकडी ट्रक त्यांनी हातात घेऊन निरखले, जरा थांबले, इस्तारीकडे बघितलं आणि काही न बोलता परत जागेवर ठेवले. मग वाकून, गाल टेकवून त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

“ही एक बंडी उलटी का रे? रिकामी पण आहे. नीट कर.”

“थे खाली झाली, सायेब,” इस्तारी म्हणाला. “घरी चालली.”

साहेबांनी बंडी उचलायला हात घातला. ती हलली नाही. चाकांखाली इस्तारीनं लावलेला सरस केव्हाच वाळला होता.