घ्या की परत

चहा : परत.

डेअरीच्या धक्क्यावर तिला कामासाठी दोनच शब्द लागत. दुधाचा कॅन पुढे आला की ती झाकण उलटं करून नाकाशी धरायची, कारण वास दुधापेक्षा झाकणात जास्त कोंडतो. मग म्हणायची, ‘घ्या’, नाहीतर ‘परत’. लॅबमधलं यंत्रही आंबटपणा सांगायचं, पण दहा मिनिटांनी. अठरा वर्षांत तिच्या नाकाखालून एकही नासका कॅन टाकीत गेला नव्हता. दूधवाले तिला नाकताई म्हणत.

तीन महिन्यांपूर्वी अर्धवट ओढलेल्या शटरखालून वाकून जाताना ती जरा लवकरच सरळ झाली. रक्त नाही, नुसतं टेंगूळ. ती स्वतःच हसली होती. पुढे पंधरा दिवस डोकं ठणकलं, उजेड टोचला, ‘चमचा’ हा शब्द आठवताना घाम फुटला. ते ओसरत गेलं. आणि एका सकाळी चहाला मेलेल्या उंदराचा वास आला.

नवऱ्याचा धुतलेला शर्ट : परत.

तो ज्या साबणाने धुतला तो साबण : आधी परत.

उकडलेला बटाटा, उशी, स्वतःचा तळहात : परत, परत, परत.

मुलीने गळ्यात हात टाकले तेव्हा तिने श्वास रोखला, आणि ते मुलीला कळलं. इथे तिने कुठलाच शब्द लावला नाही.

पहिले डॉक्टर म्हणाले, डोक्याचे फोटो स्वच्छ आहेत, मार सौम्य आहे. दुसरे म्हणाले, मन रमवा. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून तरी घेतलं.

‘नाकाच्या छपराशी बारीक तंतू असतात. झटक्याने दुखावले असतील. किंवा तुटले असतील. वास परत येईल.’

‘कधी?’

‘सहा महिने, वर्ष. काहींना नाहीही येत.’

‘म्हणजे परत येईल, की परत गेला?’

बाई हसल्या. त्यांच्या हातांना सडक्या कांद्याचा वास होता. ती खुर्ची मागे सरकवून बसली.

‘अगं, सौम्यच आहे म्हणालेत ना सगळे?’ नवरा घरी म्हणाला.

‘शटरला सौम्य लागलंय. त्याला एक ओरखडाही नाही.’

डेअरीच्या साहेबांनी महिन्याची मुदत दिली. नाक धड असेल तर धक्क्यावर, नसेल तर मागे कॅन धुवायला. मागे वाफेत उभं राहायचं, आणि तिथे कोणी कोणाला ताई म्हणत नाही. तिची धाकटी जाऊ धक्क्यावरच दूध ओतायला होती. दोघींनी ठरवलं : जावेने शेजारून वास घ्यायचा; तिने खालून एकदा पाय लावला की घ्या, दोनदा लावला की परत. तीन आठवडे चाललं. झाकण तोंडाशी धरून ती उमासा गिळायची आणि जावेच्या पायाची वाट बघायची. स्वतःच्या नाकाचा नुसता देखावा करणं त्या वासापेक्षा ओंगळ वाटायचं.

चौथ्या आठवड्यात जाऊ शिंकत आली.

‘ताई, माझंही नाक चोंदलंय. आज अंदाजाने पाय लावते.’

‘अंदाजाने लग्न लावतात, बाई. दूध नाही.’

पण कॅन यायला लागले होते. पहिला, उंदीर. दुसरा, उंदीर. तीस कॅन, तीस उंदीर, आणि जावेचा पाय प्रत्येकाला एकदाच. एकतिसाव्याचं झाकण तिने उलटं केलं आणि तिचा हात थांबला.

गोड. कोवळा. मुलगी तान्ही असताना तिच्या टाळूला यायचा तसा. तीन महिन्यांतला पहिला चांगला वास. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. खालून जावेचा पाय लागला, एकदा.

‘घ्या’ ओठांवर आलं होतं. मग तिला तीस उंदीर आठवले. जे ताजं ते आपल्याला कुजकं लागतं. मग हे काय असेल? ती झाकणापासून दचकून मागे सरली. त्या वासाने नव्हे. आपल्याला तो आवडला, याने.

‘परत.’

‘नाकताई, आजचंच आहे हो,’ दूधवाला म्हणाला.

दहा मिनिटांनी लॅबमधून निरोप आला : एकतीस आंबट, बाकी ठीक. साहेब स्वतः धक्क्यावर आले.

‘आलं ना नाक जाग्यावर? उद्यापासून नीट चालू दे.’

जावेने तिचा पदर ओढला. गप्प बस, असा.

‘साहेब, ते मला आवडलं,’ ती म्हणाली. ‘बाकीचे तीस मला कुजके लागले. तीन आठवडे ही मला पायाने सांगत होती. आज ही पण चुकली.’

साहेब तिच्याकडे, मग जावेच्या पायाकडे बघत राहिले. ‘मग उलटं धर की. चांगलं लागलं की परत पाठव.’

‘पुरतं नासलेलं कळेल. नुकतं फिरायला लागलेलं नाही कळणार. टाकी जाईल.’

 साहेबांनी मागे कॅन धुतात तिकडे हात केला आणि ते निघून गेले.

तिने पदर खोचला, पण लगेच गेली नाही. धक्क्याच्या कडेला एकतिसावा कॅन उभा होता. दूधवाला तो उचलायला वाकला, तोवर तिने त्याचं झाकण काढून दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं.

‘नाकताई, नासलंय ते,’ तो म्हणाला. त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

‘माहीत आहे,’ ती झाकणाच्या आतूनच म्हणाली.