कुत्रा मागून गेला पाहिजे

कुत्रा काही केल्या मागून जाईना. समोरून यायचा, उजव्या कानाला वळसा घालायचा आणि ऐन पाठीमागे जायच्या वेळी डोक्यातच ठाण मांडून बसायचा. ठमीने हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि तळव्यांनी कान चोळले. सकाळपासून तेच भुंकणं ऐकून कानांचा पार भुगा झाला होता.

तिचं कामच मुळी फसवण्याचं. हेडफोनला कानांवर बसणारी बोळकी दोनच, पण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आवाज चहूबाजूंनी येतोय. त्यासाठी भुंकणं एका कानात आधी सोडायचं, दुसऱ्यात किंचित उशिरा. मागे न्यायचं असेल तर त्याची धार जराशी बोथट करायची. उरलेलं काम ऐकणाऱ्याचा मेंदू बिचारा फुकटात करतो. हा नमुना एका हेडफोन बनवणाऱ्या कंपनीला आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. नापसंत पडला तर पुढची सगळी कामं दुसऱ्या स्टुडिओला जातील, हे साहेबांनी फोन करकरून तिच्या डोक्यात भरवलं होतं.

या धंद्यात थकलेल्या कानांवर भरवसा ठेवायचा नसतो. फार वेळ ऐकलं की वाईटही बरं वाटायला लागतं. मग कुणाचे तरी ताजे कान लागतात, आणि ठमीचे ताजे कान म्हणजे तिचे बाबा. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नवऱ्याचं घर सोडून ती इथे राहायला आल्यापासून प्रत्येक काम बाबांनी ऐकल्याशिवाय बाहेर गेलं नव्हतं. ते तिच्या शेजारी बसायचे, दुसरे हेडफोन घालायचे आणि दोघं एकदमच ऐकायची. बाबा "वा!" म्हणाले की काम पसंत पडायचं. "जरा बघ अजून" म्हणाले की ती मुकाट्याने पुन्हा बसायची, आणि दर वेळी त्यांचंच खरं निघायचं.

"बाबा, येता का जरा?"

बाबा चहाचा कप घेऊनच आले. खुर्चीत बसले, हेडफोन चढवले. ठमीने आपले घातले आणि बटण दाबलं. कुत्रा आला, भुंकला, फिरला. ती नुसती बसून राहिली. चांगलं की वाईट, तिला काहीच कळत नव्हतं.

"वा! झकास!" बाबा म्हणाले. "गेला की मागून. उजवीकडून डावीकडे, मस्त!"

ठमीचा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे, असं म्हणत तिने बाबांचे हेडफोन खुंटीला लावायला उचलले. आतला कुत्रा अजून भुंकतच होता, पण फक्त एका बाजूने. तिने डावं बोळकं कानाला लावलं. ठार शांतता. वायर पाहिली तर पिन अर्धवटच खोचलेली. घाईघाईत तिनेच खोचली होती.

"बाबा, डावीकडे काही वाजतच नव्हतं."

"हो का?"

"मग कुत्रा डावीकडे गेलेला कुठून ऐकलात?"

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. चष्मा काही तेवढा मळलेला नव्हता.

"ठमे, तो कान गेलाय माझा," ते म्हणाले. "इंजिनाच्या बाजूचा. नोकरीत असतानाच गेला. बोललो असतो तर बसवरून काढून टेबलाशी बसवलं असतं."

ठमीला हसावं की रडावं कळेना. एका कानाने ऐकणाऱ्याला पुढचं-मागचं, डावं-उजवं काय कप्पाळ कळणार! ज्याच्या जिवावर तिने सगळी कामं पाठवली, त्याला त्यातलं काहीएक ऐकूच आलं नव्हतं.

"इतके दिवस मला बनवलंत?" तिचा आवाज चढला. "माझी नोकरी आहे ही, बाबा! गंमत वाटली का तुम्हाला?"

"बनवलं नाही गं. मी कुत्र्याकडे लक्षच देत नव्हतो, तुझ्याकडे देत होतो." बाबांनी चष्मा घातला. "आवाज बरोबर मागे गेला ना, की तुझी मान वळते. एवढीशीच. तुला कळतही नाही. मान वळली की मी 'वा' म्हणतो. नाही वळली की 'अजून बघ'."

ठमीचा चढलेला आवाज खाली आला. रागाला धरायला जागाच उरली नाही.

"आणि आज?" तिने विचारलं.

"आज एकदाही वळली नाही."

"मग 'वा' का म्हणालात?"

"तुझं तोंड बघवेना," बाबा म्हणाले. "म्हटलं, सुटू दे पोरीला."

कंटाळा इतका दाटून आला की तिने कपाळ सरळ टेबलावर टेकलं. मग तशीच पडल्या पडल्या फोन ओढून साहेबांना लावला. "आज नाही देत. कुत्रा अजून मागे जात नाहीये... हो, उद्या." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. ती फक्त हं हं करत राहिली आणि फोन ठेवून दिला.

फोन ठेवला आणि तिच्या एकदम लक्षात आलं. ती मान वर करून बाबांकडे पाहत राहिली. जेवायच्या टेबलाशी तिची खुर्ची लहानपणापासून बाबांच्या डावीकडे. परत आली त्या दिवशी तिथेच बसून, खाली मान घालून, नवऱ्याच्या घरातलं सगळं तिने हळू आवाजात सांगून टाकलं होतं. पुन्हा कधी तोंडातून काढलं नव्हतं. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बरं केलंस आलीस."

"बाबा, त्या दिवशी मी जे सांगितलं..."

बाबांनी हळूच मान हलवली. "नाही गं. काही ऐकू नाही आलं."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुला ते परत कुठे सांगायला लावू? रडत होतीस, तेवढं दिसत होतं. मला पुरलं."

ठमी उठली. अंगात त्राण नव्हतं, तरी तिने खुर्ची उचलली, बाबांच्या पाठीमागून फिरून पलीकडे नेली आणि त्यांच्या उजव्या कानाशी ठेवली.

"मग आता ऐका," ती म्हणाली आणि खाली बसली.