देवाला सांगितलेला पासवर्ड

मला राग पटकन येतो आणि हसू त्याहून पटकन. म्हणून कोरगावला यशवंतबाबांच्या काजूच्या कारखान्यात पहिल्यांदा गेले, तेव्हा आधी ओरडले आणि मग खुर्चीत बसून पोट धरून हसले. ऑफिसच्या वाय-फायला पासवर्डच नव्हता! बाहेर कुंपणाच्या दगडी गडग्यावर अर्धा वाडा मोबाईल घेऊन बसलेला. पाव विकायला आलेला पोदेर सायकल टेकवून सिनेमा बघत होता. पेडण्याची बस फाटकासमोर उभी होती, कारण कंडक्टरचं गाणं उतरायचं राहिलं होतं. आत मात्र कारखान्याच्या कॉम्प्युटरांवरून एक मेल जाईल तर शपथ.

"शुक्रवारी मोठां गिऱ्हाईक येतला," यशवंतबाब म्हणाले. "तेच्यासमोर नेट अडाकला, तर समीक्षा, मी म्हापशाचो मनीस हाडतलंय."

माझ्याऐवजी म्हापशाचा माणूस! धारगळला स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घातल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं मोठं काम. ते गेलं असतं तर पुन्हा भावाच्या झेरॉक्स मशीनमागे उभं राहायचं.

राउटरवर मी भक्कम सुरक्षा चढवली आणि झकास पासवर्ड रचला. इंग्रजी अक्षरांत आधी काजूची दारू उर्राक, मग हॅशची खूण, मग काजूचा रस नीरो, शेवटी आकडे. आता तो एकेका कॉम्प्युटरमध्ये घालायचा, तेवढ्यात यशवंतबाबांनी हात वर केला.

"राव गो. कौल घेतल्याशिवाय हयसर नवां कुलूप लागणा नाय."

कारखान्याचं पहिलं यंत्र, नवा टेम्पो, धाकट्या मुलाचं लग्न, सगळं देवाला विचारूनच झालेलं. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, ठीक आहे, देवाशी माझं भांडण नाही. देवळात जाऊन पुजारी जयरामकाकांच्या कानात पासवर्ड कुजबुजले.

जयरामकाकांनी दशावतारात राजाची कामं केलेली. त्याच गळ्यात त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! यशवंतान कॉम्प्युटराक पासवर्ड केलोहा!"

"होय म्हाराजा!" आरतीला जमलेला गाव गरजला.

"पयलो यू, तो मोठो!"

"होय म्हाराजा!"

"काका, हळू!" मी त्यांचं उपरणं ओढलं.

"देवाक नीट ऐकाक येवक जाय," ते मलाच दटावून म्हणाले. "मागीर उर्राक पुराय! मागीर... गो, तां कितें म्हटलंस?"

"हॅश," मी रडकुंडीला आले. "दोन उभ्या रेघा, दोन आडव्या."

"दोन उभ्यो रेघो, दोन आडव्यो!"

"होय म्हाराजा!"

आकडे येईपर्यंत मागच्या रांगेत मोबाईल बाहेर निघाले होते. उजवी पाकळी टपकन पडली.

दुसऱ्या दिवशी गडग्यावर टेकायला जागा नव्हती. शिवाय आता चोरूनमारून काही नव्हतं. पॅकिंगमधली कुसुम तर नेट जोडलं की मोबाईल आधी कपाळाला लावायची. "प्रसाद तो!" म्हणायची. मी तणतणत आत गेले आणि म्हटलं, पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदलूया.

यशवंतबाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "देवान दिल्लो पासवर्ड बदलू? त्यापरास म्हापशाचो मनीस हाडतंय!"

झालं. गिऱ्हाईक उद्यावर आलेलं. मी बाहेर येऊन गडग्यावर कुसुमच्या शेजारी बसले आणि खरंच रडले.

"कौल वाईट नसता गो," कुसुम माझी पाठ चोळत म्हणाली. "चेडवाच्या स्थळाक मी घेतलंय, तेव्हा मुलग्याचां नाव मनातच धरलेलां. देवाक कळता. लोकांक कित्याक सांगूचां?"

मी तिचा गालगुच्चा घेतला आणि पळत सुटले.

पासवर्ड बदलायचा का, हे देवालाच विचारूया म्हटल्यावर यशवंतबाब तयार झाले. संध्याकाळी देऊळ भरलेलं. सगळ्यांचे मोबाईल तयार.

"सांग, नवो पासवर्ड कितें तो?" जयरामकाकांनी कान पुढे केला.

"मनात धरलाय."

गर्दीतून मोठा सुस्कारा आला.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाच्या मनात जां आसा, तां तू जाणतस!"

"होय म्हाराजा," गाव हिरमुसून म्हणाला.

पाकळ्या हलेनात. मग डावी जराशी सरकली. देवा, झेरॉक्स मशीन नको रे, काही झालं तरी ते नको! डावी तिथेच थबकली. उजवी सुटली आणि मी देवळातच उडी मारली. जयरामकाका रागावले, पण हसत रागावले.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून मी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड घातला. गिऱ्हाईक आलं, मेल धडाधड गेले. गडगा रिकामा. बस वेळेवर सुटली, तेव्हा आतली माणसं घाबरली म्हणे.

"माका तरी सांग," यशवंतबाब हळूच म्हणाले.

"मनातला कौल आहे, बाब. कसा सांगू?"

"आनी उद्या नवो कॉम्प्युटर हाडलो तर?"

"मला बोलवायचं."

ते असे हसले की बशीतला चहा सांडला. "म्हणजे म्हापशाचो मनीस कधीच नाका!"

कधीच नको. तो पासवर्ड आता दोघांनाच ठाऊक आहे, एक मी आणि दुसरा देव. आणि देवाकडे मोबाईल नाही.