ढगावरचा देव आणि घरातला दलाल

घरं भाड्याने लावून देणाऱ्या या दलालाचा धंद्यातला नियम एकच होता: घरमालक आणि भाडेकरू यांची गाठ पडू द्यायची नाही. दोघं एकदा समोरासमोर बसून चहा प्याले, की आपलं भांडण नाहीच मुळी हे त्यांच्या लक्षात येतं, आणि मग दलालाला कुत्रंही विचारत नाही. म्हणून इकडचे निरोप तिकडे हाच पोचवायचा आणि पोचवताना त्यांना चवीपुरतं तिखटमीठ लावायचा. कोरडे निरोप न्यायला पोस्टमन आहेच की, असं त्याचं म्हणणं.

हाच नियम त्याने घरीही लावला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून त्याची आई आणि बायको यांच्यात बिनसलं आणि अबोला झाला. दुसऱ्या घरात असता तर चार दिवसांत विरघळला असता. इथे तो दलालाच्या हाती लागला. "आई म्हणते" आणि "ती म्हणते" यांच्या जोरावर गडी वर्षानुवर्षं आपल्याच पोळीवर तूप ओढत राहिला. दोघींनाही तो आपल्याच बाजूचा वाटे, दोघीही त्याला गरम गरम वाढत. स्वर्ग दोन बोटं उरला होता.

तेवढ्यात टीव्हीवर चिनी देव अवतरले.

मालिका बायकोने, म्हणजे घरच्या सुनेने, लावली होती. पांढऱ्या झग्यातला देव, माणसाचं रूप घेतलेली एक कोल्हीण आणि दोघांचं जन्मोजन्मीचं प्रेम. दलालाला हसू आवरेना.

"हा तीन हजार वर्षांचा? मग करतो काय? नुसता ढगावर उभा! एवढा लांब झगा, एकदा तरी पायात येऊ दे की. आणि ही बया कितव्यांदा मेली? आमच्या भाडेकरूंचे नळसुद्धा इतक्यांदा बिघडत नाहीत!"

सून ऐकून घ्यायची आणि आवाज वाढवायची. दिवसभर शाळेच्या ऑफिसात पालकांची कटकट ऐकलेल्या बाईला, कुणीतरी कुणासाठी हजार वर्षं तोंडातून ब्र न काढता थांबलंय, हे बघूनच बरं वाटायचं.

सासूबाई मागच्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसायच्या. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा. पण मालिका चिनी भाषेत, खाली मराठीत उमटणारी अक्षरं मुंगीएवढी, आणि त्यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी भिंतीला विचारलं, "काय म्हणाला तो?"

सून टीव्हीकडे बघतच म्हणाली, "म्हणतोय, तुझं दुःख मला दे."

"आणि ती?"

"नको म्हणतेय. माझं मला पुरे."

"शहाणी आहे," सासूबाई म्हणाल्या.

आत दलाल शर्ट बदलत होता. त्याचा एक हात बाहीतच राहिला.

मग खुर्ची सोफ्याजवळ सरकली आणि पुढे सासूबाईच सोफ्यावर आल्या. दोघी मिळून कोल्हिणीच्या सवतीला शिव्या घालू लागल्या. देवाच्या पाठीत बाण घुसला त्या दिवशी तर दोघींनी एकाच पदराला डोळे पुसले. दलालाला वाढायला कुणी उठलं नाही. "झाकून ठेवलंय, घ्या," एवढंच ऐकू आलं. त्याने एक निरोप आणून पाहिला, "आई म्हणते, पडदे धुवायला झालेत," तर बायको म्हणाली, "हो, आमचं बोलणं झालंय." ते ऐकून दलाल मनातून टरकला. उद्या या दोघी मागचंही बोलायला लागल्या तर?

चार दिवसांनी सुनेचा घसा बसला. दलालाला आयती संधी मिळाली. "मी वाचून दाखवतो ना," असं म्हणून तो दोघींच्या मधोमध बसला. हक्काची जागा परत मिळाल्याचं त्याला समाधान झालं.

थोडा वेळ त्याने सरळ वाचलं. पण जित्याची खोड ती. देवाच्या तोंडी त्याने थोडा तोरा घातला, कोल्हिणीला फणकारा दिला.

"आज हा असा काय बोलतोय रे?" सासूबाई म्हणाल्या. "काल तर किती गोड होता."

"पुरुषांचं असंच असतं, आई," दलाल म्हणाला.

त्याला रंग चढला. दोन्ही पक्षांसमोर एकच कागद वाचायची वेळ आयुष्यात त्याच्यावर आली नव्हती. त्यामुळे, घसा बसला म्हणून बायकोचे डोळे काही बसलेले नाहीत, हे तो साफ विसरला.

पडद्यावर निरोप आला, की कोल्हिणीची आई दूर रानात आजारी आहे. देव तिला म्हणाला, आणि खाली अक्षरं उमटली: जा. हवं तेवढं राहा.

दलालाने वाचलं, "जा, पण दोन दिवसांत परत ये. इथलं कोण बघणार?"

सुनेने रिमोट उचलला. देव तोंड उघडं ठेवून थांबला.

"असं लिहिलेलं नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"अगं, भावार्थ तोच!"

"हे वाक्य मी ऐकलंय. माझी आई आजारी होती तेव्हा. आईंनी सांगितलंय, असं म्हणाला होतात तुम्ही. मी दोन दिवसांत परत आले. त्याच आठवड्यात ती गेली."

सासूबाई वळल्या. "मी?"

"आईच्या म्हणण्याचा अर्थ असा होता, की..." दलालाने तोंड उघडलं.

"तू गप्प बस!" सासूबाई कडाडल्या. मग त्याच्या अंगावरून पुढे वाकून सुनेला म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, राहू दे तिला. घर मी सांभाळते. ह्याच्याजवळच सांगितलं होतं गं. तू दोन दिवसांत परत आलीस, तेव्हा मला वाटलं, माझे उपकार नकोत म्हणून आलीस. तेव्हापासून मनात धरून बसले मी."

डोळ्यांतलं पाणी सुनेने तसंच वाहू दिलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"उठा तिथून," ती म्हणाली. "मला आईंजवळ बसायचंय."