खंडेनवमीचं बोट

यवतमाळच्या कॉलेजातलं ते यंत्र कार्बनच्या धाग्यांची पट्टी तापवायचं, रुळानं दाबून बसवायचं आणि तिच्यावर दुसरी चढवायचं. असे चाळीस थर एकजीव होऊन जाड पाट झाला, की त्यातून तिथं शिकणारी राखी आपल्या बापासाठी पाऊल कापणार होती. बाबूसिंगचं उजवं पाऊल दोन वर्षांपूर्वी मळणीयंत्रात गेलं. दिवाळीच्या संध्याकाळी बंजारा तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन दारोदार येतात, तेव्हा कुबडीशिवाय दारात उभं राहायचं, एवढाच त्याचा हट्ट.

खंडेनवमीला पाट अर्धा झालेला. यंत्राच्या पूजेला राखीनं आपल्या याडीला, म्हणजे आई रुक्माबाईला, महागावकडच्या तांड्यावरून मुद्दाम आणलं आणि पाट होईपर्यंत आपल्या खोलीवर ठेवून घेतलं. हार, नारळ, पेढे, सगळं कसं यथासांग झालं.

आठवड्यानं पाट पुरा झाला. जोड तपासायला राखीनं कडेची पट्टी कापली आणि तिचे थर ताण तपासायच्या यंत्रात धरून ओढले. रुक्माबाई डबा घेऊन आलेली, ती बाजूलाच उभी होती. जोड पक्का असला तर थर सुटता सुटत नाहीत, धागे चरचरत तुटतात. ही पट्टी मात्र केळीच्या सालीसारखी सोलून निघाली. आत करपलेला लालसर डाग होता.

रुक्माबाईचा चेहरा उतरला.

"पूजेच्या दिशी त्या अर्ध्या पाटाले बोटभर तूप-कुंकू लावलं व्हतं मी. तुम्ही सारे पेढे घेत होते तवा. तुह्या बापाच्या पायाले नजर नको लागो म्हणून."

राखीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तूप रुळाला लागून कुठवर पसरलं, कोण सांगणार? अख्खा पाट बाद! पण आई आपल्याच बोटाकडं बघत बसली होती, गुन्हेगारासारखी.

"माह्याच हातानं मोडला काय व त्याचा पाय?"

"नाही, याडी." राखीचा राग कुठल्या कुठं पळाला. "तपासलं म्हणून आजच समजलं. नाही तं बापू चालता चालता पडला असता. पुन्हा करू. दिवाळीले दिवस हायत अजून."

दुसरा पाट होईपर्यंत रुक्माबाई रोज आली. दोन्ही हात पदरात गुंडाळून, यंत्रापासून चार हात लांब बसायची. राखीला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. शेवटच्या दिवशी चारी कडांच्या पट्ट्या कापून ओढल्या. धागे चरचरले, तुटले. थर काही एकमेकांना सोडेनात.

दिवाळीच्या संध्याकाळी तांड्यावर बाबूसिंगला पाऊल बसवायच्या आधी राखीनं कुंकवाचा करंडा आईपुढं धरला.

"लाव आता."

"नको व. पुन्हा सुटलं म्हंजे?"

"आतले थर बसले आता. वरून कितीबी लाव."

तरी बोट पुढं येईना. शेवटी राखीनंच ते धरून कुंकवात बुडवलं आणि पावलावर टेकवलं. रुक्माबाई तोंडाला पदर लावून रडली.

दिवे निघाले. पोरींच्या पुढं राखी होती. बाबूसिंग चौकट घट्ट धरून दारात उभा होता, दोन पायांवर. राखी दिवा घेऊन वाकली, तेव्हा त्यानं चौकटीवरचा हात सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.