सुकेळे की सुकेळी

फक्त सुकेळ्यांची वेबसाइट काढायची, हे ऋतिकानं ठरवलं तेव्हा तिला वाटलं होतं की सगळ्यात अवघड काम फोटो काढण्याचं असेल. प्रत्यक्षात ती अडली ती नावावर.

तिचं माहेर विरारचं. वडील मूळचे साताऱ्याचे, तिचा सगळा जन्म फ्लॅटमध्ये गेलेला. लग्न होऊन गिरीजला आली तोवर सुकेळं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. दिवाळी उलटली की तिच्या सासूबाई, आशालताबाई, वाडीतली राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळत घालायच्या. रोज उलटायच्या, रोज झाकायच्या. काही दिवसांनी केळ्यांचा रंग मधासारखा व्हायचा आणि अंगणात असा वास सुटायचा की कामावरून आलेला विघ्नेश चपला काढायच्या आधी मांडवाकडे जायचा. पहिल्याच वर्षी ऋतिकानं एक खाल्लं आणि म्हणाली, "आई, हे लोकांना मिळायला हवं." त्यावर आशालताबाई म्हणाल्या, "मिळतं की. पाहुण्यांना देतो आपण."

यंदा तिनं मनावर घेतलं, आणि पहिल्याच पायरीवर प्रश्न आला: नाव एकवचनी घ्यायचं की अनेकवचनी?

एका लेखात लिहिलं होतं, एकवचन घ्या, ते भारदस्त वाटतं, लक्षात राहतं. दुसऱ्या लेखात होतं, दुकान असेल तर अनेकवचनच हवं, कारण माणूस एक वस्तू शोधत नाही. तिसऱ्यात होतं की दोन्ही घ्या. विघ्नेश जेवता जेवता म्हणाला, "काहीही घे, खायचं तेच आहे ना." आशालताबाईंना मात्र प्रश्नच कळेना.

"एक सुकेळं कोण विकतं गं? सगळे सुकेळीच म्हणतात."

"पण आई, नाव ब्रँडसारखं हवं."

"मग ब्रँड ठेव."

त्यात इंग्रजी अक्षरांची भानगड. आपण बोलताना 'सुकेळं' म्हणतो, पण तो अनुस्वार इंग्रजीत आणायचा कुठून? म्हणून पुस्तकी 'सुकेळे' लिहावं लागणार. तिनं कागदावर दोन्ही शब्द इतक्या वेळा लिहिले की शेवटी शेवटी दोन्ही चुकीचे वाटायला लागले. मग एकदाचं तिनं सासूबाईंचं ऐकून अनेकवचन ठरवलं, घ्यायला गेली, तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं होतं.

उघडून पाहिलं तर एकच पान. हातात सुकेळ्यांचं ताट घेतलेल्या, डोळे बारीक करून हसणाऱ्या एका बाईंचा फोटो. खाली 'रेजिना, सांडोर' आणि एक फोन नंबर. बस्स. पान कित्येक वर्षं कुणी शिवलेलं दिसत नव्हतं. सांडोर काही लांब नाही, पण ऋतिकाला तिथलं कुणी माहीत नव्हतं. तिनं निमूटपणे एकवचन घेतलं, आणि घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपण चुकलो असं तिला वाटायला लागलं.

वेबसाइट सुरू झाली. ओळखीच्या लोकांनी मागवलं, त्यांनी पुढे सांगितलं. पण मध्येच विचित्र फोन यायला लागले. नाशिकच्या एका बाईंनी आपल्या मैत्रिणीकडून ऋतिकाचा नंबर मिळवून विचारलं, "अहो, तुमच्याकडे नक्की कोण ऑर्डर घेतं? मी वेबसाइटवरच्या नंबरवर फोन केला, तर एक काका म्हणाले, रेजिना घरी नाही, संध्याकाळी करा. संध्याकाळी केला तरी तेच."

"कुठल्या वेबसाइटवर?"

"तुमच्याच. माझी मैत्रीण म्हणाली, शेवटी ई."

ऋतिकानं कपाळाला हात लावला. शेवटी ई, हे तीच सगळ्यांना सांगत होती. तिच्या मनात ते इंग्रजीतलं ई होतं. ऐकणाऱ्याच्या मनात मराठीतली दीर्घ ई यायची, आणि तो आय टाइप करायचा. म्हणजे सुकेळे सांगितलं की लोक बरोबर सुकेळीवर जाऊन पोचत होते. तिनं मग 'शेवटी एलिफंटचा ई' सांगायला सुरुवात केली, तर एकानं विचारलं, "एलिफंटा? घारापुरीचं पण मिळतं का?"

विघ्नेशचा मित्र हर्षवर्धन याच धंद्यातला होता. लोकांच्या वेबसाइटी बघायचा, विरारला घरी बसूनच काम करायचा. रविवारी तो आला तेव्हा त्यानं मोबाइलवर काहीतरी तपासलं आणि हसला.

"वहिनी, तुमचं नशीब जोरावर आहे. त्या सुकेळीची मुदत या महिन्यात संपतेय. पानाची अवस्था बघता कुणी रिन्यू करणार नाही. गप्प बसायचं. सुटलं की मी उचलतो."

"त्यांना सांगायला नको?"

"कुणाला? पानाला?" हर्षवर्धन म्हणाला. "यात चोरी नाही हो. सोडलेली वस्तू आहे."

चहा घेऊन आलेल्या आशालताबाई मोबाइलमध्ये डोकावल्या आणि तिथेच थांबल्या.

"ही रेजिनाबाय. ही तर गेली."

"कुठे गेली?" विघ्नेशनं विचारलं.

"अरे, वारली. मागच्या नाताळाच्या आधी. मी गेले होते ना मयताला. बाजारात आम्ही शेजारी बसायचो, मी भाजी घेऊन, ती सुकेळी घेऊन." त्यांनी कप खाली ठेवले. "तिचे यजमान, युजीनभाऊ, एकटेच असतात आता."

ऋतिका मोबाइलमधल्या फोटोकडे बघत राहिली. वारलेली बाई संध्याकाळी कशी भेटणार? ते काका लोकांना फसवत होते, की त्यांना भ्रम झाला होता? आणि आपण आता गप्प बसायचं की सांगायचं? गप्प बसलं तर नाव फुकटात मिळत होतं. सांगितलं तर, काय सांगायचं नेमकं? तुमच्या बायकोचं नाव संपतंय, म्हणून?

तरीही ती दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढून सांडोरला गेली. आपण का जातोय, हे तिला सांगता आलं नसतं.

केळीच्या वाडीला लागून घर होतं. ओट्यावर युजीनकाका पंचा खांद्यावर टाकून बसले होते, शेजारी साधा बटणांचा फोन. तिनं गिरीजच्या आशालताबाईंची सून म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. ती बोलायला तोंड उघडते तोच फोन वाजला.

"हां. नाही, रेजिना घरी नाही. कुठून बोलता? पुणे? असं का. पाऊस लांबला काय यंदा तिकडे? हां, इकडे पण. संध्याकाळी करा, संध्याकाळी." फोन ठेवून ते ऋतिकाकडे बघून हसले. "पुण्याचा होता. हल्ली फार येतात. मध्ये बंदच पडले होते."

हल्ली का येतात, हे ऋतिकाला चांगलंच ठाऊक होतं. तिची मान खाली गेली.

"काका, तुम्ही त्यांना... घरी नाही सांगता?"

"मग? आहे का घरी?" ते सहज म्हणाले. "खोटं नाही ना ते. लोक तिला विचारतात, बरं वाटतं. गेली म्हटलं की ते लगेच फोन ठेवतात."

तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. इंटरनेटवरचं नाव भाड्यानं असतं, मुदत असते, ती संपत आली आहे, मग दुसरं कुणीही ते घेऊ शकतं. काका लक्ष देऊन ऐकत होते.

"दुसरं कोण घेणार?"

"मी सुद्धा," ती बोलून गेली.

"मग घे की. तुझ्या सासूची आणि तिची ओळख होती."

"पण मग तो फोटो जाईल काका. आणि फोन यायचे नाहीत."

काकांनी शेजारचा फोन उचलून हातात धरला. त्यांनी आधी 'घे' म्हटलं ते न समजताच, की सगळं समजून, की आता समजल्यावर त्यांना तो शब्द परत घ्यायचा होता, ऋतिकाला काहीच कळेना. त्यांनी फक्त मुलाचा नंबर दिला. "एरॉलनं केलंय ते सगळं. त्याला विचार."

एरॉल मेलबर्नला होता. ऋतिकानं घरी येऊन त्याला फोन लावला, तर त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"घ्या ना तुम्ही, प्लीज. मी मुद्दाम रिन्यू करणार नव्हतो. ममी गेल्यावर ते फोन... डॅडींना त्रास व्हायला नको."

इथे थांबायला हवं होतं. हो म्हणायचं, आभार मानायचे, संपलं. हर्षवर्धननं तेच केलं असतं. पण ऋतिकाच्या तोंडून निघालं, "त्यांना त्रास नाही होत. ते त्या फोनांची वाट बघतात."

मग एरॉल म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

"मी आत्ता त्यांच्या ओट्यावरून आले."

"मला म्हणाले होते, फोन वाजतच नाही," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. रागावला की काय, कोण जाणे. ऋतिका संध्याकाळभर खात राहिली स्वतःला. विघ्नेश म्हणाला, "तू नाव घ्यायला गेली होतीस की सोडायला?"

आठवडाभरानं एरॉलचा मेसेज आला. नाव त्यानं रिन्यू केलं होतं आणि ते ऋतिकाच्या नावावर करायला लागणारा कोडही सोबत पाठवला होता. खाली एकच ओळ: फोटो आणि डॅडींचा नंबर राहू द्याल का?

म्हणजे नाव तिचं झालं होतं आणि झालंही नव्हतं. हर्षवर्धन म्हणाला, असला व्यवहार त्यानं बघितला नव्हता. ऋतिकानं रेजिनाबायचं पान जसंच्या तसं ठेवलं. खाली आपला नंबर टाकावा का, यावर ती पुन्हा अडली आणि शेवटी युजीनकाकांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही असं ठरवलं. विचारायला फोन केला तर काका म्हणाले, "आधी माल बघतो."

ते खरंच आले. रिक्षानं, इस्त्रीचा शर्ट घालून. आशालताबाईंनी मांडवावरची सुकेळी ताटात घालून पुढे ठेवली. काकांनी एक उचललं, मोडलं, वास घेतला, खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग पाणी मागितलं. ऋतिका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, पण त्यावर काही उमटेना. आशालताबाईंशी ते बाजाराच्या जुन्या जागेबद्दल बोलले, पडवीच्या कौलांची चौकशी केली आणि निघाले. सुकेळ्यांबद्दल अवाक्षर नाही.

"आवडलं का त्यांना?" ऋतिकानं विचारलं.

"दुसरं घेतलं ना," आशालताबाई म्हणाल्या. पण त्यांच्याही आवाजात खात्री नव्हती.

त्यानंतर चार-दोन दिवसांनी कोल्हापूरहून एका माणसाचा फोन आला. सांडोरच्या काकांनी नंबर दिला म्हणाला. मग आणखी एक, पुण्याचा. अधूनमधून येतच राहिले. पण सगळ्यांनाच काका नंबर द्यायचे असंही नाही. काहींना ते अजूनही रेजिना घरी नाही, संध्याकाळी करा, असंच सांगत. कुणाला नंबर द्यायचा आणि कुणाला संध्याकाळी करायला लावायचं, हे ते कशावरून ठरवत, ते ऋतिकाला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.